हिंदुस्थानी व्हायोलिन: पहिल्या वाद्यापासून व्यावसायिक मैफलीपर्यंत

व्हायोलिनवर पडदे नसतात. सतारीवर बोट कुठे ठेवायचं हे पडदा सांगतो, हार्मोनियमवर पट्टी सांगते; इथे ते कानानेच ठरवायचं. त्यात सूर निवडणारा हात वेगळा आणि सूर उमटवणारा हात वेगळा. त्यामुळे पहिली दोन वर्षं घरातल्यांना प्रगती फारशी ऐकू येत नाही आणि बरीच मुलं नेमकी तेव्हाच वाद्य सोडतात. हे आधी माहीत असलं तर तो काळ निभावता येतो.

हा लेख हिंदुस्थानी शास्त्रीय व्हायोलिन व्यवसाय म्हणून करू पाहणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. ढोबळ अंदाज असा: नियमित तालीम असेल तर स्वच्छ सुरात एक राग अर्धा तास वाजवायला सहा ते आठ वर्षं लागतात. आकाशवाणीच्या स्वरचाचणीला बसण्याची तयारी साधारण त्याच सुमाराला होते. नावावर तिकीट विकलं जाईल अशी एकल मैफल त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी येते, आणि सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण शिकवणं, साथ, ध्वनिमुद्रण आणि मैफल मिळून संसार चालवणारे वादक महाराष्ट्रात आहेत. या लेखातली वाट त्यांचीच आहे.

वाद्य घेताना

आधी माप पाहा. मुलाचा डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ पसरा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत मोजा. ५८ सेंटिमीटर किंवा जास्त भरलं तर पूर्ण आकाराचं, ५५च्या आसपास असेल तर पाऊण आणि ५१च्या आसपास असेल तर अर्ध्या आकाराचं वाद्य घ्या. ‘पुढे वापरता येईल’ म्हणून मोठं वाद्य घेतलं की मूल मनगट वाकडं करून सूर गाठायला शिकतं. ती सवय मोडायला पुढे दोन वर्षं जातात. लहान आकाराची वाद्यं भाड्याने किंवा जुनी मिळतात, तीच बरी.

नवं वाद्य दुकानातून आणलं की लगेच वाजवायला बसू नका. त्याची घोडी (तारा पेलणारा लाकडी पूल), खुंट्या आणि आतली साउंडपोस्ट (घोडीखालची उभी काडी) बसवून घ्यावी लागते. बोटं ठेवायच्या पट्टीच्या (फिंगरबोर्डच्या) टोकाशी तारा आणि पट्टी यांतलं अंतर मोजा. बारीक तारेखाली ३ ते ३.५ मिलिमीटर आणि जाड तारेखाली ५ ते ५.५ मिलिमीटर हवं. घोडी याहून उंच असेल तर बोटं दुखतात, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) अडकत जाते आणि दाबामुळे सूर चढतो. बसकी असेल तर तार पट्टीवर खरखरते. मिरजेत तंबोरे-सतारी उत्कृष्ट बनतात, पण व्हायोलिनची घोडी घासणं हे वेगळं काम आहे. व्हायोलिनवर रोज हात चालणाऱ्या कारागिराकडेच जा.

पैसे मोजके असतील तर वाद्यापेक्षा गजाला, म्हणजे तारांवर फिरवायच्या केसांच्या काडीला, प्राधान्य द्या. मध्यम वाद्यावर चांगला गज ठीक वाजतो, पण वाकडी काडी आणि तुटक्या केसांचा गज असेल तर महागडं वाद्यही किरकिरतं. पूर्ण आकाराच्या गजाचं वजन ६० ग्रॅमच्या आसपास असतं. विकत घेताना काडीवरून डोळा लावून ती डावी-उजवीकडे वळलेली नाही ना ते बघा.

तारा मिळवणं

व्हायोलिनच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीत जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई अशा लावतात. हिंदुस्थानी पद्धतीत बहुतेक जण त्या मंद्र पंचम, मध्य षड्ज, मध्य पंचम, तार षड्ज अशा मिळवतात. डी हा षड्ज धरून पाश्चात्त्य जुळणी तशीच ठेवणारेही आहेत. त्यांच्या तारा म, सा, प, रे होतात. नवशिक्याने गुरूची पद्धत घ्यावी आणि दोन्हींची भेसळ करू नये, कारण बोटांचे सगळे हिशेब जुळणीवर बसलेले असतात.

आता प्रत्यक्ष. षड्ज पांढरी दोन (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी) असेल तर चौथी, म्हणजे सर्वांत जाड, तार एक पूर्ण स्वर चढवायची, तिसरी आणि दुसरी आहेत तशा ठेवायच्या आणि पहिली एक पूर्ण स्वर उतरवायची. काळी एक हवी असेल तर चौथी अर्धा स्वर चढते, तिसरी आणि दुसरी अर्धा-अर्धा उतरतात आणि पहिली दीड स्वर उतरते. एकल वादनाला बरेच जण या दोन पट्ट्यांच्या आसपास असतात.

साथीत एक सोय उपयोगी पडते. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर काळी एकच्या जुळणीतली पहिली आणि तिसरी तार फक्त एक पूर्ण स्वर चढवा. मग तारा सा, प, सा, प अशा होतात, कर्नाटक पद्धतीत लावतात तशाच. गायक आणि गायिका यांच्यामध्ये पाच मिनिटांचा अवधी असताना एवढंच करायचं असतं. पण बोटांचा नकाशा बदलतो, म्हणून या जुळणीवर घरी वेगळा रियाज हवा.

खुंटी फिरवताना ती आत, वाद्याच्या डोक्यात, दाबत फिरवा. नुसती फिरवली तर सुटते. तारा बदलताना एका वेळी एकच काढा. चारही एकदम उतरवल्या तर घोडी पडते आणि दाब गेल्यामुळे साउंडपोस्टही आत कोसळू शकते; ती पुन्हा उभी करणं घरचं काम नाही. नवी तार चार-पाच दिवस उतरत राहते, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तार बदलू नये.

बैठक

आपल्याकडे मांडी घालून वाजवतात. वाद्याचं डोकं उजव्या पावलाच्या घोट्याजवळ टेकतं आणि दुसरं टोक डाव्या खांद्याखाली, छातीशी येतं. वाद्य असं दोन ठिकाणी टेकलं की डाव्या हातावर त्याचं ओझं राहत नाही आणि हात पट्टीवर वरपासून खालपर्यंत मोकळा सरकतो. मींड आणि गमक (स्वराला दिलेला हेलकावा) या मोकळेपणावरच उभे असतात. उभं राहून हनुवटीखाली वाद्य दाबलं तर मान आणि डावा खांदा सारखे कामाला लागतात.

खाली पाच-सहा सेंटिमीटर जाडीची घट्ट उशी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ सरळ राहते. दर ४५ मिनिटांनी दहा मिनिटं उठा. मानेत, उजव्या खांद्यात किंवा डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं दोन आठवडे टिकलं तर रियाज कमी करून फिजिओथेरपिस्टला दाखवा. ‘रियाजाने सुटेल’ म्हणून दुखणं ओढत नेल्यामुळे हात कायमचे अधू झालेले वादक आहेत.

उजवा हात: सगळा आवाज इथे

नवशिके सगळं लक्ष डाव्या हाताच्या बोटांकडे देतात. पण वादकाची ओळख गजावरून होते. पुन्हा बोलावणं येतं तेही त्याच्या स्वरलगावामुळे, म्हणून इथे घाई नको.

गजाचे केस ताणताना काडी आणि केस यांत मधोमध पेन्सिलीएवढं अंतर राहू द्या. वाजवून झालं की सैल करा. ताणलेला ठेवला तर काडी हळूहळू सरळ होते आणि तिची लवचीकता जाते. केसांवर राळ दिवसाला तीन-चार हात पुरे. जास्त झाली की आवाज खरखरीत होतो आणि तारांवर पांढरी पूड बसते. ती सुती फडक्याने रोज पुसा. केसांना बोट लावू नका, घामाचा तेलकटपणा लागला की तेवढा भाग तारेवरून घसरतो.

गज धरताना अंगठा वाकलेला, करंगळी काडीवर टेकलेली आणि मनगट सैल ठेवा. केस घोडी आणि पट्टीचं टोक यांच्या मधल्या जागेवर, घोडीला समांतर चालले पाहिजेत. समोर आरसा ठेवा, कारण गज तिरका जातोय हे वाजवताना कळत नाही.

पहिले तीन महिने फक्त मोकळ्या तारा वाजवा. मेट्रोनोम ६०वर लावा आणि टाचेपासून (गज धरतो त्या बाजूपासून) टोकापर्यंत गज चार ठोक्यांत न्या, चार ठोक्यांत परत आणा. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहिला की आठ ठोके, मग बारा, मग सोळा. गजाची वाजती लांबी ६५ सेंटिमीटरच्या आसपास असते. सोळा सेकंदांत नेताना तो सेकंदाला चार सेंटिमीटर एवढाच सरकतो. इतक्या संथ गतीत आवाज न तुटता ठेवता आला की विलंबित ख्यालाचा पाया झाला.

काय चुकतं आणि का, हे ओळखायला शिका. किरकिर होते तेव्हा गतीच्या मानाने दाब जास्त असतो; दाब कमी करण्याआधी गती वाढवून बघा. बारीक तार शिटी मारते तेव्हा गज फार हलका असतो किंवा डाव्या हाताचं एखादं बोट तारेला चुकून चिकटलेलं असतं. मध्यावर गज थरथरतो तेव्हा पकड आवळलेली असते. टोकाकडे आवाज विरतो, कारण तिथे हाताचं वजन पोचत नाही. ते पहिल्या बोटातून द्यावं लागतं. टाचेकडे आवाज भरड होतो, तिथे करंगळीने वजन उचलायचं. आणि गज परतताना जो धक्का ऐकू येतो तो मनगट आधी न वळल्यामुळे येतो.

मींडेत एक दोष हमखास दिसतो: डावा हात सरकायला लागला की उजवाही नकळत वेग घेतो आणि मींड मधेच फुगते. त्यासाठी षड्ज ते पंचम एका गजात आठ ठोक्यांत सरकवा, उजव्या हाताकडे लक्ष ठेवून. वर आणि खाली, दहा मिनिटं रोज, निदान वर्षभर.

डावा हात: मिलिमीटरचा हिशेब

पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर कंप पावणारी तार साधारण ३२.५ सेंटिमीटर असते. षड्जाच्या तारेवर वरच्या टोकापासून शुद्ध रिषभ ३.६ सेंटिमीटरवर, गंधार ६.५वर, मध्यम ८.१वर, पंचम १०.८वर, धैवत १३वर, निषाद १५.२वर आणि तार षड्ज बरोबर निम्म्यावर, १६.२५वर येतो. स्वर चढत जातात तशा जागा जवळ येतात. सुरुवातीला एक मिलिमीटर चुकला तर फरक श्रुतीच्या, म्हणजे स्वरांतल्या सूक्ष्म अंतराच्या, चौथ्या हिश्शाएवढा असतो. तार षड्जाजवळ दोन मिलिमीटर चुकले की जवळजवळ अख्खी श्रुती गेली. म्हणून वरच्या सप्तकात नवशिक्याचा हात कणसूर लागतो, आणि तो डोळ्यांनी नाही, कानानेच दुरुस्त होतो.

पट्टीवर चिकटपट्टीच्या खुणा करायला हरकत नाही, पण बोटं टेकायला लागल्यावरचे पहिले तीन-चार महिनेच. दरबारीचा गंधार आणि भीमपलासाचा गंधार दोन्ही कोमल असले तरी एका जागी नसतात. खुणेवर बसलेला हात हे कधी शिकत नाही.

गायकी अंगाने वाजवणारे बरेच वादक पहिल्या दोन बोटांवर मुख्य भिस्त ठेवतात, कारण एकाच बोटाने सरकत गेलं की गळ्यासारखी सलग आस मिळते. द्रुत तानांना तिसरं बोट लागतं. बोटाचं टोक कोरडं पडून अडकत असेल तर खोबरेल तेलाचा अगदी एक थेंब बोटाला लावून पुसून घेतात. ते गजाच्या केसांना लागू देऊ नका. आणि अंगठा वाद्याला दाबू नका. तो नुसता टेकलेला असेल तरच हात सरकतो.

गळा

जे वाजवायचं ते आधी गायचं, हा नियम हिंदुस्थानी व्हायोलिनचा कणा आहे. पं. गजाननराव जोशी जितके मोठे व्हायोलिनवादक तितकेच मोठे गायक होते, आणि गायक घडवणारे गुरूही. पं. डी. के. दातार आणि डॉ. एन. राजम यांचं वादन ऐकताना बंदिशीचे शब्द ऐकू येतात असं लोक म्हणतात, ते यासाठीच. याच्या जोडीला पं. व्ही. जी. जोग यांचा लयकारीचा, तंतकारीकडे (सतार-सरोदसारख्या छेडून वाजवण्याकडे) झुकणारा बाजही अभ्यासायला हवा. दोन्ही ऐका, पण आपला पाया गायकीवर ठेवा.

हे करायचं कसं? बंदीश पाठ करा, हातावर ताल धरून म्हणा आणि शब्द जिथे सुटतो तिथे गज बदला. एका अक्षरावरची सगळी हरकत एका गजात यावी. हे न करता स्वरलिपीवरून बंदीश वाजवली की ती सरगमसारखी सपाट लागते. गळा चांगला नसला तरी चालेल, सुरात म्हणता आलं पाहिजे. आठवड्यातून एक तास गायनाच्या गुरूकडे जाणं ही या वाटेवरची सर्वांत फायद्याची गुंतवणूक आहे.

रागांची सुरुवात भूप, दुर्गा, यमन अशा मोकळ्या रागांनी होते. मग काफी, बागेश्री, भीमपलास, देस. पहिल्या पाच वर्षांत दहा राग पुरेत. तानपुरा रोज लावा, आणि आधी तो ऐकत पाच मिनिटं नुसता षड्ज धरा. तिसऱ्या वर्षापासून महिन्यातून निदान दोनदा खऱ्या तबलजीसोबत बसा. यंत्राचा ठेका चुकत नाही आणि थांबतही नाही. माणसाशी नजरानजर करून समेवर येणं त्याच्याकडून शिकता येत नाही.

वेळेचं म्हणाल तर पहिल्या वर्षी दिवसाला दोनदा २०-२५ मिनिटं, चौथ्या वर्षापर्यंत दोन तास, आणि व्यवसाय करायचं ठरल्यावर चार ते पाच तास, तुकड्यांत.

गुरू आणि परीक्षा

गुरू निवडताना त्यांचे चार-पाच वर्षं शिकलेले विद्यार्थी ऐका. त्यांच्या हातातून काय निघतं ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं. तालमीत गुरू स्वतः वाद्य हातात घेतात का, हे बघा. एका वेळी पाचाहून जास्त मुलं बसवणाऱ्या वर्गात गजाकडे लक्ष दिलं जात नाही.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद, प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण. विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, त्यापुढे अलंकारच्या दोन. या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त येते, शाळेत संगीत शिकवायला प्रमाणपत्र उपयोगी पडतं, आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना महाराष्ट्रात दहावीला वाढीव गुण मिळतात.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. दरवर्षी एक परीक्षा असं धावलं की विद्यार्थ्याला चाळीस रागांचे आरोह-अवरोह आणि पाच-पाच मिनिटांचं साहित्य येतं, पण एकही राग अर्धा तास मांडता येत नाही. मैफलीत चाळीस राग कुणी विचारत नाही. मध्यमा पूर्ण झाल्यावर एक-दोन वर्षं परीक्षा थांबवा, पाच राग घ्या आणि प्रत्येकात विलंबित आणि द्रुत मिळून ४० मिनिटं मांडता येईपर्यंत सोडू नका.

पदवीसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, गोव्यात कला अकादमी असे पर्याय जवळ आहेत. दूर जायची तयारी असेल तर बनारस हिंदू विद्यापीठ आहे, डॉ. राजम यांनी अनेक वर्षं तिथे शिकवलं. महाविद्यालयात अध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही अध्यापकांची पात्रता परीक्षा लागते. प्रवेश घेण्याआधी तिथे व्हायोलिनचा स्वतंत्र शिक्षक आहे का हे विचाराच. काही ठिकाणी वाद्यवादनाची पदवी असते पण व्हायोलिनचा गुरू नसतो.

शिष्यवृत्त्या दोन लक्षात ठेवा. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी, दोन वर्षांची. दोन्हींत मुलाखतीला वाजवावं लागतं आणि गुरूचं पत्र लागतं. अर्जाची कागदपत्रं आदल्या वर्षीच तयार ठेवा, मुदत थोडी असते.

साथ, लेहरा आणि स्टुडिओ

एकल वादक व्हायचं असलं तरी पहिली मिळकत बहुधा इथून येते, आणि शिक्षणही इथेच होतं.

महाराष्ट्रात ख्यालगायनाला साथ मुख्यतः हार्मोनियमची असते. व्हायोलिनला जागा जास्त मिळते ती नाट्यसंगीत, भावगीत, अभंग यांच्या कार्यक्रमांत. साथीचे नियम थोडे आहेत पण कडक आहेत. गायकाच्या अर्ध पाऊल मागे राहा. त्याने न घेतलेला स्वर आधी दाखवू नका. तो श्वास घेईल तिथे त्याचीच शेवटची जागा हलक्या आवाजात भरा आणि त्याने तोंड उघडताच थांबा. आवाज गायकाच्या निम्मा ठेवा. गायकाची पट्टी, बंदिशी आणि ताल आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या.

तबल्याच्या एकल वादनाला आणि कथकला लेहरा वाजवणं हे काम अनेक जण कमी लेखतात. एक-दोन आवर्तनांची तीच ओळ पाऊण तास, लय जराही न हलवता, धरून ठेवणं सोपं नाही. लयीचा इतका खरा रियाज दुसऱ्या कशात मिळत नाही, आणि चांगले तबलजी लेहरा धरणाऱ्याला लक्षात ठेवतात.

ध्वनिमुद्रणात काम हवं असेल तर पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन शिका. व्हायोलिनच्या ताफ्यात सगळ्यांसमोर तेच कागद असतात आणि तिथे जी-डी-ए-ई जुळणी लागते. भातखंडे आणि पलुस्कर स्वरलिपी येत असल्या तरी त्या खोलीत त्यांचा उपयोग होत नाही. प्रभाकर जोग यांच्यासारख्या वादकाने एकट्याच्या व्हायोलिनवर भावगीतांचे शब्द ऐकवले. सुधीर फडके यांच्यासोबत ‘गीतरामायणा’तही ते होते. एकल व्हायोलिनच्या अशा जागा आजही गाण्यांत मागितल्या जातात, आणि त्या देणारा वादक शास्त्रीय तालमीतलाच हवा असतो.

आकाशवाणी

आकाशवाणीची श्रेणी अजूनही वजन बाळगून आहे. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा चढत्या श्रेणी आहेत. जवळच्या केंद्रावर अर्ज करायचा, तिथे स्थानिक चाचणी होते आणि निर्णय ध्वनिमुद्रण ऐकून होतो. परीक्षकांसमोर तुमचं नाव किंवा चेहरा नसतो. अर्जात लिहिलेल्या रागांपैकी कुठलाही राग विचारला जाऊ शकतो, म्हणून कागदावर शोभेसाठी राग लिहू नका. नाकारले जातात ते बहुधा तीन कारणांनी: वाद्य नीट मिळवलेलं नाही, आलाप इतका लांबला की ताल सुरू होईपर्यंत वेळ संपली, किंवा द्रुतात घाई होऊन लय चढली. घरी फोनवर दहा मिनिटांचं वादन ध्वनिमुद्रित करा, आठवडाभर ठेवा आणि मग ऐका. तेव्हा कणसूर जागा स्वतःलाच बोचतात.

१६ ते २४ वयोगटासाठी आकाशवाणीची संगीत स्पर्धाही असते. त्या वयात ती जरूर द्यावी.

मैफल उभी करताना

नवोदितांना बहुधा वीस ते तीस मिनिटं मिळतात. वीस मिनिटांत विलंबित बारा, द्रुत सहा आणि एक छोटी धून एवढंच बसतं. तीन राग कोंबू नका. वाद्य ग्रीनरूममध्ये मिळवा, मग मंचावर दिव्यांखाली दोन मिनिटं पुन्हा तपासा. उष्णतेने तारा उतरतात.

माइक साध्या कंडेन्सरचा असेल तर वाद्याच्या छिद्रापासून २५-३० सेंटिमीटरवर ठेवायला सांगा. वाद्यालाच लावायच्या पिकअपने आवाज मोठा होतो पण पत्र्यासारखा लागतो. मोकळ्या मैदानावरच तो परवडतो. मॉनिटरमध्ये (कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा जास्त आणि स्वतःचं वाद्य कमी मागा. जवळ दुसरा गज, चारही तारांचा एक संच आणि राळ असू द्या.

गाणं-वाजवणं ऐकायला जाणं हेही कामाचा भाग आहे. पुण्यात १९५३पासून सुरू असलेला सवाई गंधर्व महोत्सव, कोल्हापुरातला देवल क्लब, गावोगावची संगीत मंडळं: आयोजक ज्यांना श्रोत्यांत पाहतात त्यांना पुढे मंचावर बोलावतात. आयोजकाला तासाभराचं ध्वनिमुद्रण पाठवू नका. सहा-सात मिनिटांचं, एकाच रागाचं, न कापलेलं चित्रीकरण पाठवा. चाळिशीच्या आतल्या कलाकारांसाठी संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे.

मानधन आधी लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल: रक्कम, तबलजीचे पैसे त्यातच की वेगळे, प्रवास, राहणं, आणि चित्रीकरण कोण कुठे टाकणार. टीडीएस (मानधनातून आधीच कापलेला कर) कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागा. परताव्याच्या वेळी ते उपयोगी पडतं. तबलजीचे पैसे त्याच रात्री द्या, तुमचे उशिरा येणार असले तरी.

शिकवणं आणि परदेशचे विद्यार्थी

विशारदनंतर शिकवायला हरकत नाही, पण सुरुवातीला गुरूंच्या देखरेखीखाली. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त शिकवलं तर स्वतःचा रियाज संपतो. ही मर्यादा आर्थिक ओढीच्या काळातही पाळा.

अमेरिका, युरोप आणि आखातातल्या मराठी कुटुंबांत ऑनलाइन शिकणारी मुलं बरीच आहेत. नेटवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवता येत नाही. गुरूने वाजवायचं, मग विद्यार्थ्याने. व्हिडिओ कॉलमधली आवाज गाळण्याची सोय बंद करायला सांगा, नाहीतर ती लांब धरलेला सूर पार्श्वभूमीचा गोंगाट समजून कापते. कॅमेरा उजव्या बाजूला, गज आणि घोडी दोन्ही दिसतील असा हवा.

महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांसाठी दौरा ठरला तर व्हिसाची चौकशी चार-पाच महिने आधी करा. अमेरिकेत मानधन घेऊन वाजवायला पर्यटक व्हिसा चालत नाही. व्हायोलिनची लांबट पेटी ८० सेंटिमीटरच्या जवळपास असते, विमानकंपनीच्या केबिन-मापात ती बसत नाही. ती आत घेऊ देतील असं ईमेलवर लेखी घ्या आणि छापून जवळ ठेवा. सामानात कधीही देऊ नका.

पावसाळा, उन्हाळा

कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात आणि सांधे सुटायला लागतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. मराठवाड्यात आणि विदर्भात उन्हाळ्यात उलट होतं: लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, पाठ चिरते. तिथे सिलिका जेल नको. पेटीत ओलावा देणारी नळी किंवा छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवा. सुटणाऱ्या खुंटीला खडू आणि अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण, किंचित. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर वाद्य सुखात असतं. छोटा मापक पेटीत बसतो.

गजाचे केस रोज वाजवणाऱ्याने सहा महिन्यांनी बदलून घ्यावेत, तारा साधारण तेवढ्याच काळाने. सांधा सुटला तर फेविकॉल लावू नका. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं, आणि तो गरम पाण्याने सुटतो म्हणूनच वाद्य पुन्हा उघडून दुरुस्त करता येतं.